बंपरच्या आत काय असतं

गेल्या पावसाळ्यात आमच्या कॉम्बीची डिकी नीट लागेनाशी झाली. लागायची, पण उजव्या बाजूला अर्ध्या इंचाची फट राहायची आणि तिथून पाणी आत यायचं. कारण सगळ्यांना माहीत होतं. नवी पेठेत एका मालाच्या टेम्पोनं रिव्हर्स घेताना आमच्या उभ्या गाडीला मागून टेकवलं होतं. 'टेकवलं' हाच शब्द बरोबर आहे. नवी पेठेत हातगाड्या, टू-व्हीलर आणि दिवाळीच्या आधी दोन महिने सुरू होणारी गर्दी यांच्यातून कुठलाच टेम्पो माणसाच्या चालीपेक्षा जोरात मागे येऊ शकत नाही. बंपरवर ओरखडासुद्धा शोधावा लागत होता. तेव्हा मागच्या सीटवर आई बसली होती. तिची मान पुढचे आठ दिवस आखडलेली होती.

एवढ्याशा धक्क्यानं डिकी वाकडी होते आणि मान आखडते, पण बंपर मात्र धड राहतो, हे गणित मला जमत नव्हतं.

गाडीबद्दल थोडं सांगतो, कारण ही जात आता रस्त्यावर दिसत नाही. स्कोडानं 2001 पासून औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात ऑक्टाव्हिया जोडायला सुरुवात केली. कॉम्बी म्हणजे तिचंच छप्पर मागेपर्यंत ओढून केलेली गाडी. परदेशात अशा गाडीला इस्टेट किंवा स्टेशन वॅगन म्हणतात. आपल्याकडे टाटांनी 1992 मध्ये 'इस्टेट' याच नावाची गाडी आणली होती, नंतर मारुतीची बलेनो अल्ट्युरा आली, इंडिगो मरीना आली. एकही चालली नाही. भारतीय माणसाला डिकी वेगळी दिसली पाहिजे, नाहीतर गाडी टॅक्सीसारखी किंवा अँब्युलन्ससारखी वाटते, असं एक मत आहे आणि ते मला पटतं. पप्पांना मात्र हीच गाडी हवी होती. दुकान चादरी-टॉवेलचं. मागची सीट पाडली की गठ्ठे मावतात, सीट उभी केली की घर मावतं. 2005 ची गाडी त्यांनी 2009 मध्ये सेकंड हँड घेतली आणि तेव्हापासून पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर सगळं तिच्यावरच.

मी चार दिवस सुट्टी टाकून आलो होतो, म्हणून गाडी गॅरेजला नेली. मेस्त्रींनी मागचे दिवे काढले, चाकाच्या कमानीतले स्क्रू काढले, खालचे क्लिप काढले आणि आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून बंपर ओढून काढला. हातात आलं ते नुसतं प्लास्टिक. आपण ज्याला बंपर म्हणतो, रंगवतो, ज्यावर ओरखडा आला की हळहळतो, ते एक कव्हर असतं. खरा बंपर त्याच्या आत असतो. एक आडवी बीम, आणि ती बीम गाडीच्या दोन कण्यांच्या टोकांना जोडणारे डावीकडे एक, उजवीकडे एक असे दोन पोकळ डबे. हे डबे म्हणजे इम्पॅक्ट अब्सॉर्बर. धक्का बसला की त्यांनी चुरगळायचं, एवढंच त्यांचं काम.

आमच्या गाडीत ते डबे नव्हतेच. त्यांच्या जागी लोखंडी चॅनलचे दोन तुकडे होते, एका बाजूला बीमला आणि दुसऱ्या बाजूला थेट कण्याला वेल्डिंग केलेले. कधीतरी आधीच्या मालकाच्या काळात गाडी मागून लागली असणार, आणि कुणीतरी डबे फेकून देऊन 'पक्कं काम' केलं असणार.

"बघा मालक," मेस्त्री पप्पांना म्हणाले, "चॅनलला काय झालं नाही. त्याच्या मागचं वाकलंय."

उजव्या कण्याचं टोक दुमडलं होतं. त्यानं मागचा पत्रा ढकलला, त्या पत्र्यावरच डिकीचं लॉक. झालं. टेम्पोचा धक्का प्लास्टिकमधून बीमवर, बीममधून चॅनलवर आणि चॅनलमधून एक कणभरही कमी न होता बॉडीत गेला. तिथून सीटमध्ये, आणि सीटमधून आईच्या मानेत.

इथे थोडं गणित करू. माणसं आणि सामान धरून गाडी 1,500 किलोची आहे असं समजा आणि ती ताशी 8 किलोमीटर वेगानं खांबाला जाऊन भिडली. गतिज ऊर्जा साधारण 3,700 ज्यूल. ही ऊर्जा कुठेतरी जिरायलाच हवी. गाडी थांबायला 5 सेंटिमीटर अंतर मिळालं, तर सरासरी बल होतं साडेसात टन वजनाएवढं. तेच अंतर 1 सेंटिमीटर केलं, तर साडेसदतीस टन. गाडी तीच, वेग तोच, फरक फक्त चार सेंटिमीटर चुरगळण्याचा. अब्सॉर्बर विकत घेतो म्हणजे आपण हे चार सेंटिमीटर विकत घेतो.

ही कल्पना गाड्यांच्या जगात उशिरा आली. पूर्वी मजबूत गाडी म्हणजे न वाकणारी गाडी, एवढंच समीकरण होतं. मर्सिडीजमधल्या बेला बारेन्यी या इंजिनिअरनं 1951 मध्ये उलटं पेटंट मागितलं: मधला माणसांचा भाग कडक ठेवा, पुढचा-मागचा भाग मुद्दाम मऊ ठेवा. तशी गाडी बाजारात यायला 1959 उजाडलं. बंपरची गोष्ट आणखी नंतरची. अमेरिकेत 1973 च्या मॉडेलपासून नियम आला की ठरावीक कमी वेगाच्या धडकेत दिवे वगैरे सुरक्षेचे भाग बिघडता कामा नयेत. सुरुवातीला पुढून ताशी 5 मैल आणि मागून अडीच. मग व्होल्व्हो 240 सारख्या गाड्यांना ते हातभर बाहेर आलेले बंपर लागले. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत बंपरच्या मागे तेलाचे दट्टे असायचे, बाईकच्या शॉकअपसारखे: धक्का बसला की तेल बारीक भोकातून ढकललं जायचं, ऊर्जा तिथे उष्णता होऊन जायची आणि दट्टा परत बाहेर यायचा. भारी यंत्रणा, पण जड आणि महाग. 1982 मध्ये अमेरिकेनं नियम सैल करून अडीच मैलांवर आणला. पुढे तेलाची जागा फोमनं आणि पत्र्याच्या डब्यांनी घेतली. युरोपातल्या नियमात धडक ताशी 4 किलोमीटरची असते, आणि तिच्यानंतर दिवे लागले पाहिजेत, डिकी-दारं उघडली-मिटली पाहिजेत.

डिकी मिटली पाहिजे! मी गॅरेजमध्ये स्टुलावर बसून हे फोनवर वाचत होतो आणि समोर आमची डिकी फट दाखवत उभी होती.

डबा चुरगळतो म्हणजे कसाही नाही. त्याच्या पत्र्यात आधीच खाचा पाडलेल्या असतात, म्हणजे तो हार्मोनियमच्या भात्यासारखा घडी घडी होत आत जातो, आडवा मोडत नाही. एकदा चुरगळला की संपला, बदलायचा. त्याच्यात जिरायची तेवढीच ताकद जिरते हेही खरं. हायवेवर मागून ट्रक आला तर हे दोन डबे काही करू शकत नाहीत, तिथे अख्ख्या मागच्या बॉडीनं चुरगळायचं असतं. पण आपल्या आयुष्यातल्या बहुतेक धडका नवी पेठेतल्याच असतात.

पप्पांना हे पटेना. "चॅनल धड आहे ना? मग राहू दे की. कणा ओढून सरळ करा, डिकी लावा. मजबूत आहे ते."

आणि त्यांचं एकट्याचं काय चुकलं? आपल्याकडे अख्ख्या गाड्यांना पुढे-मागे लोखंडी पाइप लावून फिरायची पद्धत होती. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना पत्र पाठवून हे क्रॅशगार्ड बेकायदा आहेत, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 च्या विरोधात आहेत, असं कळवलं. तरी आजही सोलापूर-पुणे रस्त्यावर मोजायला गेलात तर बोटं पुरणार नाहीत. लोखंड दिसलं की आपल्याला धीर येतो.

मी पप्पांना ज्यूल वगैरे सांगून पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं, जसं ते मी सांगितलेलं म्युच्युअल फंडांबद्दलचं ऐकून घेतात. काम मेस्त्रींनी केलं. "मालक, दुकानातला फ्यूज उडाला तर तुम्ही त्या जागी जाड तार घालता का?"

"नाही."

"का?"

"आग लागंल की."

"मग हे तेच हाय. तार घातलीय कुणीतरी."

पप्पा काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं आईच्या मानेच्या पट्ट्याबद्दल काहीतरी पुटपुटले आणि म्हणाले, "किती होतील?"

किती होतील हा प्रश्न तसा साधा नव्हता. पंधरा वर्षं झाली तेव्हा, 2020 मध्ये, नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली होती. ती मुदत यंदा संपत होती. ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या कारच्या नोंदणी-नूतनीकरणाचं शुल्क 10,000 रुपये झालं, त्यावर पर्यावरण कर वेगळा, आणि आरटीओत गाडी दाखवायची म्हणजे डिकी लागायला हवीच. थोडक्यात, गाडी ठेवायची की भंगारात द्यायची हे त्याच आठवड्यात ठरणार होतं. धाकट्या काकांचं मत 'द्या' असं होतं. तेवढ्या पैशात एखाद्या छोट्या नव्या गाडीचं डाउन पेमेंट होतं, असं ते म्हणाले, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. पप्पांचं उत्तर एकच: त्या छोट्या गाडीत गठ्ठे कुठे ठेवू?

नवे डबे कुठे मिळेनात. मग जुने. इथे एक गंमत आहे. मागचे डबे हवेत तर पुढून ठोकलेली गाडी शोधायची, म्हणजे मागचा भाग कोरा असतो. पुण्याच्या जुन्या बाजारात चौकशी केली, शेवटी मेस्त्रींच्या ओळखीनं कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एक कॉम्बी निघाली. डबे आणि बीम मिळून 4,500 रुपये, आणि पार्सल रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून सकाळी सोलापुरात.

जुना अब्सॉर्बर घेताना काय बघायचं ते मेस्त्रींनी दाखवलं. दोन्ही डब्यांची लांबी चारही कडांवर मोजायची, एक कडा आखूड निघाली तर तो आधीच धक्का खाऊन बसलाय. खाचांच्या आसपास रंगाला बारीक भेगा आहेत का ते बघायचं, कारण पत्रा परत सरळ करता येतो, पण रंग खोटं बोलत नाही. आतून गंज आहे का ते बॅटरी मारून बघायचं. आणि ठोकून सरळ केलेला डबा फुकट मिळाला तरी घ्यायचा नाही. एकदा घडी पडलेला पत्रा दुसऱ्यांदा कुठे मोडेल याचा भरवसा नसतो.

चॅनल ग्राइंडरनं कापायला अर्धा दिवस गेला. कणा साखळी लावून मशीनवर ओढला, डाव्या-उजव्याची मापं तिरकी घेऊन जुळवली. कापलेल्या जागी पत्रा उघडा पडला होता, तिथे प्रायमरचे दोन हात. मग डबे वेल्डिंगशिवाय, बोल्टनंच. "पुढच्याला काढता आलं पाहिजे," मेस्त्री म्हणाले. कापलेल्या चॅनलचे तुकडे पप्पांनी हातात घेऊन वजन केलं आणि मान हलवली. त्यांचं लोखंडावरचं प्रेम काही गेलेलं नाही.

डिकी आता एका हातानं लागते. बंपरचं कव्हर बसवताना उजवीकडचा एक क्लिप तुटला, तो अजून मिळालेला नाही, तिथे तात्पुरता केबल टाय आहे. मागच्या सीटच्या हेडरेस्ट खाली दाबलेल्या असायच्या, गठ्ठे ठेवायला आड येतात म्हणून. त्या मी आईच्या डोक्याच्या उंचीला ओढून ठेवल्या आणि पप्पांना सांगितलं की माल उतरला की परत वर करायच्या. पाचशे किलोमीटर झाले की बोल्ट एकदा तपासायला मेस्त्रींनी बोलावलंय. परवा फोनवर विचारलं तर तीनशे चाळीस झाले होते, आणि गुरुवारी पप्पा पंढरपूरला निघणार होते.