दोन शताब्द्या

कल्याण, शुक्रवार, १० मे १९५७

मेरठच्या शिपायांनी तुरुंग फोडून आपले ८५ सवार सोडवले, त्याला आज शंभर वर्षं झाली. पेपर मिटत आबांनी विचारलं, "तेव्हा आपल्या ठाण्या-कल्याणात काय झालं रे?"

कोल्हापुरात जुलैअखेर २७वी पलटण उठली, मुंबईत १५ ऑक्टोबरला दोघांना तोफेच्या तोंडी दिलं, इथवर मी सांगितलं. त्यांचं समाधान झालं नाही. एवढ्या मोठ्या हकिकतीत आपलं गाव नाही, हे म्हाताऱ्याला पटेना.

रविवार, १२ मे

लग्नासाठी कर्जतला. पंक्तीत शेजारी वेणगावचे एक गृहस्थ. नानासाहेब पेशवे १८२४ साली त्यांच्याच गावी जन्मले, हे त्यांनी जिलबी येईपर्यंत तीनदा सांगितलं. सांगणारच! माधवराव भटांचं पोर ब्रह्मावर्ताला गेलं, तिथे दुसऱ्या बाजीरावाच्या मांडीवर बसलं आणि पुढे कानपूर हादरवलं.

परतताना बदलापूरच्या आसपास मनात आलं, की ही आगगाडी १८५६ सालीच पार खोपोलीला, घाटाच्या पायथ्याशी पोचली होती. म्हणजे वेणगावचा मुलगा तिकडे लढत असताना त्याच्याच मुलखातून कंपनी सरकारला फौज न्यायची सोय तयार होती. आबांना द्यायचं उत्तर हे. आपल्या गावात लढाई झाली नाही, रूळ पडले.

शनिवार, १७ ऑगस्ट

पोस्टात झाशीच्या राणीचं नवं तिकीट मिळालं, १५ नवे पैसे. वहीत आगगाडीच्या शताब्दीच्या तिकिटाशेजारी चिकटवलं. ते १९५३ चं, दोन आण्यांचं. चार वर्षांत दोन शताब्द्या, आणि दोन्हींमागे एकच साहेब, डलहौसी! एप्रिल १८५३ मध्ये रेल्वेचा खलिता लिहिताना फौजा झटपट हलवता येतील हे त्याने उघड मांडलं. पुढच्याच वर्षी त्याने झाशी खालसा केली आणि त्याच वर्षी, १ मे १८५४ ला, गाडी ठाण्याहून कल्याणला आली. पहिल्या गाडीचा अभिमान ठाणेकरांनी खुशाल बाळगावा, मलाही आहे. पण शाळेत या दोन गोष्टी दोन वेगळ्या धड्यांत शिकवतात, ते मला खटकतं.

आबांना वही दाखवली. त्यांनी राणीला हात जोडले, इंजिन चष्मा पुसून पाहिलं, आणि तात्या टोप्यांची तारीख विचारली. फाशी १८ एप्रिल १८५९, म्हणजे शंभरी अजून पावणेदोन वर्षांवर. "येवल्याचा ना तो? तेव्हा जाऊन येऊ," म्हणाले. मनमाडला गाडी बदलावी लागते, हे त्यांना पाठ होतं.