कोमो सरोवरांतील नौकाविहार

रस्त्यावरून पाहिलेला देश आणि पाण्यावरून पाहिलेला देश हे दोन निरनिराळे देश असतात, असें आमचें बऱ्याच दिवसांचें मत आहे. काशीचे घाट घाटावर उभें राहून पाहणाऱ्यास काशी अर्धीच दिसते. भेडाघाटचे संगमरवरी कडे नावेंत बसल्यावांचून दिसत नाहींत. इटलीच्या उत्तरेस, आल्प्स पर्वताच्या पायथ्याशीं पसरलेलें कोमो सरोवर याच जातीचें आहे. येथील सरदार-उमरावांनीं व धर्मगुरूंनीं आपले प्रासाद बांधले ते पाण्याकडे तोंड करून. रस्त्यानें जाणाऱ्याच्या वांट्यास बहुधा उंच भिंती व बंद फाटकें येतात. बागा, कमानी व दगडी पायऱ्या यांची शोभा नावेंतल्या माणसासाठीं राखून ठेवलेली असते.

प्रथम या जलाशयाची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. क्षेत्रफळ सुमारें १४६ चौरस किलोमीटर. इटलीच्या सरोवरांत विस्तारानें याचा तिसरा क्रम लागतो. आकार मोठा मौजेचा आहे. दोन पाय फाकून उभ्या राहिलेल्या माणसाप्रमाणें तें उत्तरेस एकच असून दक्षिणेस त्याच्या दोन शाखा होतात. नैर्ऋत्येकडील शाखेच्या टोकाशीं कोमो शहर, आग्नेयेकडील शाखेच्या टोकाशीं लेक्को, आणि जेथें या शाखा फुटतात त्या भूशिरावर बेलाजिओ हें गांव वसलें आहे. अद्दा नदी उत्तरेकडून आंत शिरते व लेक्कोजवळून बाहेर पडते. कोमोच्या शाखेस मात्र बाहेर पडावयास वाटच नाहीं. प्राचीन हिमनद्यांनीं कोरलेल्या या दरीची खोली ४०० मीटरांहून अधिक भरते. पाण्याचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून सुमारें २०० मीटर उंचीवर आहे. म्हणजे डोंगरांत असूनहि या सरोवराचा तळ समुद्रसपाटीच्या कितीतरी खालीं गेला आहे! रोमन लोक यास लारिउस म्हणत. थोरला प्लिनी व धाकटा प्लिनी हे दोघेहि ग्रंथकार कोमोचेच. विजेचा पहिला घट तयार करणारा अलेस्सांद्रो व्होल्टा १७४५ सालीं येथेंच जन्मला. त्याच्या मृत्यूस शंभर वर्षें झालीं म्हणून १९२७ सालीं कोमो येथें पदार्थविज्ञानवेत्त्यांची जी परिषद भरली, तींत नील्स बोर यांनीं आपला प्रसिद्ध पूरकतेचा सिद्धांत मांडला. त्या परिषदेस आपल्याकडील मेघनाद साहा व देवेंद्रमोहन बोस उपस्थित होते, हें वाचकांस ऐकून आनंद होईल.

आमची कन्या मिलान येथें नोकरीस आहे. तिच्याकडे गेलों असतां, जून महिन्यांतील एका सकाळीं आम्ही आगगाडीनें सुमारें तासाभरांत पूर्व तीरावरील वारेन्ना या गांवीं येऊन पोंचलों. बरोबर सौ., कन्या आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आमच्या मातोश्री होत्या. सार्वजनिक नौका येथें नियमित चालतात व त्यांचें भाडेंहि बेताचें असतें. परंतु उन्हाळ्यांत त्यांच्यासाठीं लांब रांग लागते, आणि मातोश्रींचे गुडघे पाव तासापलीकडे उभें राहूं देत नाहींत. खासगी नाव घ्यावी, तर तिचे दर ऐकून सौ. थबकल्या. "अहो, एवढ्या पैशांत घरीं महिन्याचा किराणा येईल!" असें त्या म्हणाल्या, व त्यांत अतिशयोक्ति मुळींच नव्हती. तेव्हां मातोश्रींनीं शांतपणें सांगितलें, "अरे, तुम्ही तिघें मोठ्या बोटीनें जाऊन या. मी येथें धक्क्यावर बांकावर बसतें. मला काय, पाणी येथूनहि दिसतें."

या वाक्यानें वादाचा निकाल लागला. सौ.नींच पुढें होऊन नाव ठरविली. भाडें माणशीं नसून नावेचें असतें, त्यामुळें चौघांत तें वांटलें असतां वाटतें तितकें जड जात नाहीं. ज्यांना हौस असेल त्यांना चाळीस अश्वशक्तीपर्यंतची नाव परवान्यावांचून स्वतः चालवावयास मिळते. परंतु अनोळखी पाण्यांत म्हातारें माणूस बरोबर असतां नावाडी असलेला बरा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

नावाडी साठीच्या घरांतला, वारेन्नाचाच राहणारा होता. त्यानें मातोश्रींस हाताला धरून आंत घेतलें, पाठीशीं उशी दिली, आणि मग दिवसाचा बेत वाऱ्याच्या हिशेबानें आंखला. या सरोवरावर दोन वाऱ्यांचें राज्य आहे. उत्तरेकडून येणारा तिवानो पहांटेपासून सकाळपर्यंत वाहतो. नंतर पाणी कांहीं काळ आरशासारखें स्थिर होतें. आणि दुपारीं दक्षिणेकडून ब्रेवा सुटतो. ऊन तापलें कीं डोंगरउतारांवरील हवा वर चढते व तिची जागा भरावयास मैदानाकडील हवा आंत येते. रात्रीं डोंगर थंड झाले कीं हाच क्रम उलटतो. कोंकणांतील वाचकांस खारे व मतलई वारे ठाऊकच आहेत. हे त्यांचेच डोंगरांतले भाऊबंद. "ब्रेवाला जोर चढण्यापूर्वीं आजींना परत आणीन," असें त्यानें कन्येच्या मार्फत आम्हांस सांगितलें.

सरोवराचा मध्य ओलांडून आम्ही बेलाजिओच्या टोकास वळसा घातला. लाल कौलांचीं पिवळीं-तांबडीं घरें, त्यांच्यामधून चढत जाणाऱ्या अरुंद पायऱ्यांच्या गल्ल्या, आणि खालीं किनाऱ्यालगत मेल्झी यांची शुभ्र वाडी. नेपोलियनच्या काळीं इटलीच्या प्रजासत्ताकाचे उपाध्यक्ष असलेल्या फ्रांचेस्को मेल्झी यांनीं ती बांधविली. समोरच्या तीरावर त्रेमेत्सो येथें व्हिला कार्लोत्ता आहे. तिच्या पायऱ्या मातोश्रींस झेपण्यासारख्या नव्हत्या, म्हणून नावाड्यानें इंजिन बंद करून नाव बागेसमोर तशीच तरंगत ठेवली. आंत थोरवाल्डसेन या डॅनिश शिल्पकारानें संगमरवरांत कोरलेली, सिकंदराच्या बाबिलोनप्रवेशाची भव्य शिल्पपट्टिका आहे. तीस आम्ही अंतरलों खरे. पण पाण्यावरून एकवार सगळा प्रासाद, त्याची बाग व मागचा हिरवा डोंगर एकाच दृष्टिक्षेपांत दिसला, तो आंत गेलेल्यांस दिसला नसावा.

वाटेंत एक जुन्या धर्तीची होडी भेटली. तिच्यावर लांकडाच्या तीन कमानी होत्या. ऊनपावसांत त्यांवर कापड ताणीत. हिला येथें 'लुचीआ' म्हणतात. आलेस्सांद्रो मांझोनी यांची सुविख्यात कादंबरी १८२७ सालीं प्रसिद्ध झाली. तींतील नायिका लुचीआ हिला एका दांडग्या सरदाराच्या जाचामुळें रात्रीं होडींतून आपला गांव सोडावा लागतो. तिच्याच नांवावरून होडीला हें नांव पडलें.

पुढें लेन्नो गांवाजवळ, पाण्यांत घुसलेल्या एका झाडीदार टोकावर बाल्बिआनेल्लो हा प्रासाद दिसला. १७८७ सालीं कार्डिनल दुरीनी यांनीं तो बांधविला. येथें कन्येनें आपल्या आजीस बातमी सांगितली कीं, दीपिका पदुकोण व रणवीर सिंह यांचें लग्न २०१८ सालीं येथेंच झालें, व त्यांत एक विधि कोंकणी पद्धतीचा होता. "म्हणजे अंतरपाट येथवर आला म्हणावयाचा!" असें म्हणून मातोश्री हंसल्या. परंतु आम्हांस त्याहून मोलाची वाटली ती शेवटच्या मालकाची हकीकत. ग्वीदो मोंझीनो हे गिर्यारोहक व ध्रुवप्रदेशाचे प्रवासी. १९७३ सालीं एव्हरेस्टवर गेलेल्या पहिल्या इटालियन मोहिमेचे ते नायक होते. १९८८ सालीं मरण पावतांना त्यांनीं ही वास्तु आपल्या संग्रहासह इटलीच्या वारसा-निधीस देऊन टाकली. म्हणून आज तिकीट काढून कोणीहि आंत जाऊं शकतो. ज्या तीरावर शेंकडों फाटकें बंद आहेत, तेथें एका माणसानें आपलें फाटक कायमचें उघडून ठेविलें ही गोष्ट लहान नव्हे.

तेथून थोड्याच अंतरावर कोमाचीना बेट आहे. या सरोवरांतील हें एकुलतें एक. तीरावर ऑलिव्हचीं झाडें, बेटावर गर्द राई, आणि तींतून डोकावणारे जुन्या देवळांचे चौथरे. दृश्य इतकें सौम्य कीं येथें कांहीं भयंकर घडलें असेल असें मनांतहि येऊं नये. परंतु बाराव्या शतकांत या बेटानें कोमोविरुद्ध मिलानचा पक्ष धरला, आणि ११६९ सालीं कोमोकरांनीं येऊन बेटावरील वस्ती, देवळें व तटबंदी जाळून जमीनदोस्त केली. जूनच्या अखेरीस सेंट जॉनच्या उत्सवांत येथील लोक पाण्यावर लहान लहान दिवे सोडतात व दारूकाम करून त्या आगीची आठवण जागवितात.

कन्येनें ही कथा सांगितली तेव्हां मातोश्रींनीं लगेच विचारलें, "मग तेथल्या बायकापोरांचें काय झालें ग?"

प्रश्न नावाड्यास कळविला. त्यानें सुकाणू सोडलें नाहीं; नुसता हात उंचावून पूर्वेकडे दाखविला. जे वांचले ते पळून वारेन्नास आले, असें तो म्हणाला. आमच्या गांवानें त्यांना जागा दिली. साडेआठशें वर्षांपूर्वींची गोष्ट त्यानें अशी सांगितली कीं जणूं आजोबांच्या वेळची असावी.

मातोश्री कांहीं वेळ बेटाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "ज्यांनीं जाळलें त्यांचीं नांवें पोथींत आलीं. ज्यांनीं दार उघडलें त्यांचीं कोण लिहून ठेवणार?"

यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर अजूनहि सुचलेलें नाहीं. सौंदर्य माणसाला आपोआप भलें करीत नाहीं, हें या तीरानें एकदां नव्हे अनेकदां दाखविलें आहे. बेटापासून जवळच, मेझ्झेग्रा येथील जुलीनो या वाडींत, २८ एप्रिल १९४५ रोजीं मुसोलिनीस गोळ्या घालण्यांत आल्या. आदल्या दिवशीं दोंगो येथें तो पकडला गेला होता. त्याची राजवट कोसळली तींत महाराष्ट्राच्या रक्ताचाहि वांटा आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे १९४४ च्या जुलैंत वरच्या टायबर नदीच्या खोऱ्यांत धारातीर्थीं पडले. त्याच पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांनीं, मुसोलिनीच्या मृत्यूपूर्वीं अवघे एकोणीस दिवस, सेनिओ नदीवर भर गोळीबारांत जखमी सोबत्यांस पैलतीरीं पोंचविलें. दोघांसहि व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सहलीस जाणाऱ्या मराठी कुटुंबानें हीं दोन नांवें बरोबर न्यावींत.

भोजनासाठीं आम्ही बेलाजिओस उतरलों. शाकाहारी मंडळींनीं चिंता करूं नये. सरोवरांतील मासे हें येथील मुख्य अन्न असलें तरी पोलेंता नांवाचा पदार्थ सर्वत्र मिळतो. ती मक्याच्या पिठाची घट्ट उकडच होय. मात्र तिच्यावर चीज घालूं नये असें आधींच सांगावें, कारण तिकडील पुष्कळ जुन्या चिजांत वासराच्या जठरांतून काढलेलें विरजण वापरतात. मातोश्रींनीं बरोबरचें लिंबाचें लोणचें काढलें, आणि पोलेंतेची पंगत अगदीं घरच्यासारखी झाली.

परततांना ब्रेवा सुटला होता. पाण्याचा रंग निळ्याचा करडा झाला व नाव लाटांवर आपटूं लागली. सौ.नीं मातोश्रींचा हात घट्ट धरला. "सूनबाई, भिऊं नको. हा आपलें काम जाणतो," असें उलट मातोश्रींनींच त्यांस सांगितलें, आणि तें खरें होतें. लाट आडवी न घेतां तिरकी घेत त्यानें नाव वारेन्नाच्या आडोशास आणली. तेवढ्या वेळांत त्यानें स्वतःची चिंताहि बोलून दाखविली. १९४६ पासून ओल्जिनाते येथील बंधाऱ्यानें या सरोवराची पातळी राखली जाते, आणि खालच्या लोंबार्दी प्रांतांतील शेती याच पाण्यावर अवलंबून आहे. २०२२ च्या उन्हाळ्यांत पो नदीच्या खोऱ्यांत भीषण अवर्षण पडलें, तेव्हां शेतकऱ्यास पाणी हवें आणि नावाड्यासहि हवें अशी ओढाताण झाली. त्याच्या आदल्या वर्षीं, जुलै २०२१ मध्यें, मुसळधार पावसानें पश्चिम तीरावरील चेर्नोब्बिओ, लाल्यो या गांवांत दरडी कोसळल्या होत्या. "तुम्हांला हें चित्र वाटतें," तो म्हणाला, "आमचें हें शेत आहे."

आमच्या वाचकांपैकीं कोणास तिकडे जाण्याचा योग आल्यास त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे: फेरी सकाळींच घ्यावी, प्रासाद मोजके पाहावे, आणि बरोबर वडील माणूस असेल तर खासगी नावेच्या खर्चाकडे फारसें पाहूं नये. मातोश्रींनीं त्या रात्रीं आपल्या वहींत प्रासादांपैकीं एकाचेंहि नांव लिहिलें नाहीं. वारेन्ना हें एकच नांव त्यांनीं कन्येकडून नीट विचारून घेऊन मोठ्या अक्षरांत लिहिलें, आणि त्याच्यापुढें "ह्यांनीं दार उघडलें" असें तीनच शब्द लिहून वही मिटली.