आक्काच्या खोलीतलं वाय-फाय

निपाणीतल्या आमच्या जुन्या घराच्या भिंती दीड हात जाड. सोप्यातलं वाय-फाय माजघरातच धापा टाकायचं. आक्का, वय ८८, मागच्या खोलीत झोपून. कॅनडातल्या लेकाचं चित्र मधेच थांबलं की म्हणायची, "गेला बघ." ऐकवत नसे.

दुकानदार म्हणाला, कुठलेही दोन राऊटर चालतात, सर. चालतात, पण वेगवेगळ्या बँकांच्या खातेवह्यांसारखे! ईझीमेश हे सामाईक मानक २०१८ चं. ते दोन्हींवर असलं तरच वेगळ्या कंपन्यांचं जुळायची आशा. मी एकाच मालिकेचे तीन घेतले. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण जाड भिंतीपुढे लवकर हरतं; २.४ जरा तग धरतं. म्हणून मधला माजघराच्या दाराशी, शेवटच्याला केबल.

रात्री आक्काचा आवाज सोप्यापर्यंत येतो, "नाष्टा केलास काय रे?" केबल मात्र उंबऱ्याला ठेचकाळते, ती अजून ठोकायची आहे.