वेदीवरची मराठी

माझी आजी ऐन चाळिशीपर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये ऐकत असे. अर्थ कळत नसे. गुडघे कुठे टेकायचे, हे मात्र ठाऊक असे. घरी बोलणे कादोडीत.

१५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. शालेय इतिहासात आम्ही या दोन सनांच्या मध्ये कुठेतरी बाटतो आणि दुसऱ्या सनानंतर नाहीसे होतो. प्रत्यक्षात माणसे केळीच्या नि पानवेलीच्या वाड्या शिंपत इथेच राहिली.

फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) मी वर्गात अभिमानाने शिकवतो. पण ती ओवीतली मराठी आणि आमच्या वेदीवरची मराठी यांत साडेतीनशे वर्षांचे अंतर आहे, हे सांगायचे बहुधा राहून जाते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) लोकभाषांना वाट दिली, तेव्हा कुठे आमच्या धर्मग्रामात मराठी मिस्सा आली. “आता सगळं कळतं,” असे आजी म्हणे. हे कौतुक होते की तक्रार, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

२०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे आले. निवडीला विरोधही झाला. ‘तुमची मराठी इतकी चांगली कशी?’ हा प्रश्न मीही स्टाफरूममध्ये ऐकला आहे, प्रेमाने विचारलेला.

माझी मुलगी इंग्रजी माध्यमात शिकते. रविवारी तिला इंग्रजी मिस्सेला जायचे असते. मराठीचा प्राध्यापक असून मी तिला दारापर्यंत सोडून येतो.