पहिली मुलाखत आणि आपली मुले

आपल्या वस्तीत मुलगा आयटीआय पास झाला की पेढे वाटले जातात. पुढे एखाद्या कंपनीत तो वर्षभरासाठी शिकाऊ उमेदवार म्हणून लागला की आई शेजारणीला अभिमानाने सांगते, "आमचा कंपनीत जातो." पण ते वर्ष संपत येते, नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे येते आणि तेच घर गप्प होते. शर्ट कोणता घालायचा, गाडीभाडे किती लागेल, कागद कुठल्या पेटीत आहेत, एवढीच काय ती चर्चा. साहेबांपुढे बसून बोलायचे काय, हे कुणी सांगत नाही. सांगणार कोण? घरातला कुणीच तसा खुर्चीवर बसून बोललेला नसतो. आपल्या बापजाद्यांनी साहेबापुढे उभे राहून ऐकून घेतले आहे.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. बी.कॉम. झालो, टेबलामागे बसलो आणि सुटीच्या दिवशी समाजाच्या कामाला लागलो. त्या कामात अशा मुलांची तयारी करून घेणे हेही एक काम होऊन बसले. त्यातला हमरापूरचा एक अनुभव वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

पेण तालुक्यातील हमरापूर हे पनवेल-रोहा मार्गावरचे लहानसे स्टेशन. पण गणपतीच्या मूर्तींमुळे हे गाव आणि शेजारची जोहे, कळवे ही गावे महाराष्ट्रभर ठाऊक आहेत. येथे घराघराला कारखाना आहे. साच्यात प्लास्टर आणि काथ्या भरणे, जोड बुजवणे, पॉलिश पेपरने घासणे, मशीनने रंग मारणे, शेवटी डोळ्यांची आखणी, अशी कामे वर्षातले बरेच महिने चालतात. हजारो हातांना त्यातून मजुरी मिळते. मात्र 2020 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टरच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या, पुढे प्रकरण न्यायालयात गेले, आणि या धंद्याला घोर लागला. त्यामुळे पोरे आता नागोठणे, थळ, डोलवी, रोह्याजवळचे धाटाव इकडच्या मोठ्या कंपन्यांकडे डोळे लावून बसतात.

असाच एक मुलगा. आयटीआयचा फिटर, वय वीस, शिकाऊ उमेदवारीचे वर्ष पूर्ण होत आलेले. त्याला एका कंपनीतून मुलाखतीला बोलावले होते. त्याची आई गणपतीच्या कारखान्यात घासकाम करते. तीच आमच्याकडे आली आणि म्हणाली, "भाऊ, पोरगा हुशार आहे, पण चारचौघांत त्याचं तोंड उघडत नाही. तेवढं बघा."

आम्ही आधी कागद बघितले. कारकुनाला दुसरे काय सुचणार! दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आयटीआयचे प्रमाणपत्र, शिकाऊ उमेदवारीचा करार, जातीचा दाखला. आपल्या घरांत एक गोष्ट हमखास आढळते. आजोबांच्या शाळेच्या नोंदीत 'महार', वडिलांच्या दाखल्यावर 'नवबौद्ध' आणि मुलाच्या दाखल्यावर 'बौद्ध'. 1956 च्या धर्मांतरानंतर आपल्या घरांनी जो प्रवास केला, तो या तीन शब्दांत आहे. मुलाला हे समजावून सांगावे, म्हणजे कुणी विचारले तर तो गोंधळणार नाही. बौद्धांना केंद्राच्या सवलती 1990 च्या कायद्याने लागू झाल्या, हेही सांगावे. जातीच्या दाखल्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीपासून घराणे महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. तो आजोबांच्या शाळेतून किंवा गावच्या जुन्या दप्तरातून काढावा लागतो. हे काम मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात होत नसते, वर्षभर आधी करावे.

कागद लागले. पुढच्या रविवारी विहारात आम्ही खोटी मुलाखत घेतली. एक निवृत्त एस.टी. कंडक्टर, एक अंगणवाडी सेविका आणि आम्ही, असे तिघे टेबलामागे बसलो. मुलाला बाहेरून दार वाजवून आत यायला सांगितले. आई दाराशी चटईवर बसली होती.

मुलाचे धंद्याचे ज्ञान पक्के होते. व्हर्नियर कॅलिपरने किती बारीक मोजता येते, असे विचारले. "0.02 मिलिमीटर." मायक्रोमीटरने? "0.01." हॅकसॉच्या ब्लेडचे दात कुठल्या दिशेला ठेवायचे? "पुढे, हँडलपासून लांब." उत्तरे बरोबर, पण नजर फरशीवर आणि आवाज आमच्यापर्यंतच कसाबसा येणारा.

मग सेविकाबाईंनी साधा प्रश्न टाकला, "तुला काय काम येते, ते सांग."

मुलगा गप्प. बराच वेळ गप्प. शेवटी म्हणाला, "तसा अनुभव काही नाही."

दाराशी बसलेल्या आईला राहवले नाही. "आरं, काही नाही काय? शेठच्या कारखान्यात कंप्रेसर बंद पडला की कोणाला बोलावतात? पट्टा कोण बदलतो? रंगाची गन तुंबली तर कोण खोलतो? सातवीपासनं करतोस ना?"

मुलगा ओशाळला. हळूच म्हणाला, "काका, ते गणपतीच्या कारखान्यातलं काम. ते कंपनीत कसं सांगायचं?"

आम्हाला तेव्हा खरी अडचण कळली. त्याच्या लेखी कारखाने दोन प्रकारचे होते. एक कंपनीचा, त्यातले काम म्हणजे अनुभव. दुसरा गावातला, त्यातले काम म्हणजे नुसती मजुरी, सांगू नये अशी. शिवाय बौद्धाच्या मुलाने मूर्तीच्या कारखान्यात काम केले हे आपल्या माणसांपुढेही त्याला अवघड वाटत होते. कंडक्टर आजोबा त्याला म्हणाले, "बाळा, तू पूजा केली नाहीस, पोट भरलंस. बंद मशीन चालू केलंस. त्यात लाजण्यासारखं काय?"

मग आम्ही त्याला त्याच कामावर बोलायला लावले. कंप्रेसर का बंद पडत होता? पट्टा सैल होऊन घसरायचा. कसे ओळखले? आवाजावरून, आणि दाब चढायला वेळ लागायचा त्यावरून. आधी काय केले? मेन स्विच बंद केला, टाकीतली हवा सोडली. हे सांगताना त्याची मान वर आली. आम्ही म्हटले, "झाले. सुरक्षेवरच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आले."

वाचकहो, पाठ केलेले उत्तर दुसऱ्या प्रश्नाला अडखळते. केलेल्या कामाचे उत्तर अडखळत नाही, कारण ते हाताला ठाऊक असते. आपल्या मुलांना कामाचा अनुभव कमी नसतो. आपले काम मोठ्याने सांगण्याची सवय नसते. ती सवय घरात लागली पाहिजे.

कायदा काय म्हणतो, हेही आम्ही त्याला सांगितले. शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 चा. त्यात 1973 च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखीव झाल्या. करारात तशी अट नसेल, तर शिकाऊ उमेदवाराला नोकरी द्यावीच असे मालकावर बंधन नाही. मात्र उत्तर प्रदेशच्या एस.टी. महामंडळाच्या खटल्यात 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की इतर बाबी समान असतील तर बाहेरच्या उमेदवारापेक्षा प्रशिक्षण घेतलेल्याला प्राधान्य द्यावे. सेवायोजन कार्यालये सुरू झाली 1945 साली. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खात्याचे सदस्य होते. केंद्र सरकारच्या खालच्या पदांसाठीच्या मुलाखती 1 जानेवारी 2016 पासून बंद झाल्या. खासगी कंपनीत मात्र मुलाखत आहे, आणि तेथे आपल्या मुलाला स्वतःच्या तोंडानेच स्वतःची बाजू मांडायची आहे.

आमच्या तरुणपणी एका कार्यालयातल्या मुलाखतीत आम्हाला हिशेबाचा एकही प्रश्न आला नाही. आडनाव विचारले, मग गाव, मग गावात घर कुठल्या बाजूला, हे विचारले. म्हणून आम्ही मुलाला तोही प्रश्न विचारला. अशा वेळी चिडू नये, खालीही बघू नये. गावाचे नाव सांगावे आणि लगेच कामावर यावे : "हमरापूर, साहेब. तिथे कंप्रेसर दुरुस्तीची कामे केली आहेत."

शेवटी आम्ही त्याला एक प्रश्न लिहून दिला, त्याने विचारायचा : "नेमणूक कंपनीच्या पटावर आहे की ठेकेदाराकडे? भविष्य निर्वाह निधी कापला जाईल का?" मुलगा म्हणाला, "असं विचारलं तर राग येईल." सेविकाबाई म्हणाल्या, "नीट विचारलेल्या प्रश्नाचा ज्याला राग येतो, त्याच्याकडे काय मिळणार ते आधीच कळलं."

ती जागा त्याला मिळाली नाही. जागा दोन होत्या आणि मुले पुष्कळ. पण घरी येऊन त्याने आईला सगळी मुलाखत बोलून दाखवली, साहेबांचे प्रश्न आणि आपली उत्तरे. दुसरे बोलावणे आले तेव्हा तो आमच्याकडे आला नाही. आदल्या दिवशी जाऊन कंपनीचे गेट बघून आला आणि सकाळच्या गाडीने एकटाच गेला. तेथे त्याला घेतले, सहा महिन्यांच्या बोलीवर. पटाचा आणि निधीचा प्रश्न त्याने विचारला होता, आणि उत्तर लेखी घेतले होते.

तेव्हा ज्या घरात असा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घराने एवढे करावे. संध्याकाळी जेवताना टी.व्ही. थोडा वेळ बंद ठेवावा आणि विचारावे, "आज काय काम केलेस? कसे केलेस? अडले कुठे?" आणि ते पूर्ण ऐकावे. मुलीला तर जरूर विचारावे, कारण तिचे काम घरातही कामात धरले जात नाही. यासाठी शिक्षण लागत नाही, पैसा लागत नाही. हमरापूरच्या त्या माऊलीला कंपनीचे गेटही ठाऊक नव्हते. पण आपल्या पोराला काय येते, हे तिला बिनचूक ठाऊक होते.