डोक्यावरचा चेंडू

टेनिसमधला सर्वांत सोपा फटका कोणता, असे विचारले तर प्रेक्षक बेधडक 'स्मॅश' असे उत्तर देईल. प्रतिपक्षाने भिऊन चेंडू उंच उडवलेला, आपण जाळ्यापाशी उभे, समोर सारे मैदान मोकळे. आता केवळ हाणावयाचे! मीही पंचवीस वर्षे असेच समजत आलो. आणि पंचवीस वर्षे तो चेंडू कधी जाळ्यात, तर कधी कुंपणापलीकडे धाडीत आलो.

वाकाटकांच्या जुन्या राजधानीत, म्हणजे आमच्या वाशिमला, आम्हां चौघांचा सायंकाळचा खेळ नेमाने चालतो. माझे जोडीदार वकील. माझा स्मॅश चुकला की ते शांतपणे म्हणत, "चालायचंच, प्रोफेसर!" हरलेल्या पक्षकाराचीही ते अशीच समजूत घालीत असावेत. गेल्या दसऱ्याला मात्र गुडघे चोळीत ते म्हणाले, "एवढा हिवाळा खेळतो, मग पुरे." आजवर त्यांच्या पदरी घातलेले सारे पराभव मला एकदम आठवले.

दिवाळीला मुलगी घरी आली. ती बॅडमिंटन खेळणारी. डोक्यावरचा फटका ही त्या खेळातली रोजची भाकरी. सांगलीचे नंदू नाटेकर आधी टेनिसच खेळत. कुमारांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णनकडून हरल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले आणि १९५६ साली क्वालालंपूरला अजिंक्य ठरले. माझा खेळ एक सायंकाळ पाहून मुलगी म्हणाली, "बाबा, चेंडू रॅकेटवर येण्याआधीच तो कुठे पडणार हे तुम्ही बघता!"

इतकी वर्षे मी उजव्या हाताला दोष देत होतो. अपराधी निघाले डोळे! चेंडूपेक्षा टाळ्यांची घाई मला अधिक होती. मग शिकवणी सुरू झाली. चेंडू वर जाताच उजवा पाय मागे घेऊन अंग आडवे वळवायचे. रॅकेट तत्काळ डोक्यामागे न्यायची. डाव्या हाताचे बोट चेंडूवर रोखायचे. उलट्या पावली धडपडत न जाता लहान लहान पावले टाकीत चेंडू उजव्या खांद्याच्या किंचित पुढे येईल असे उभे राहायचे आणि हात पुरता ताणून मारायचा. जोर बेताचाच. फटका बसेपर्यंत मान वर. फारच उंच गेलेला चेंडू आधी टप्पा पडू द्यायचा.

फाल्गुनातल्या एका सायंकाळी तसाच चेंडू उंच आला. मी बोट रोखले, वाट पाहिली आणि मारला. मान खाली केली तेव्हा चेंडू दोघा प्रतिपक्ष्यांच्या मधून निघून गेला होता.

वकीलसाहेब गुडघ्यावर हात टेकून उभे होते. म्हणाले, "आता कुठे, प्रोफेसर!"

त्यात शाबासकी किती आणि तक्रार किती, हे मी अद्याप त्यांना विचारलेले नाही.