बंड्याचा राग आणि शिकागोची थंडी

शिकागो म्हटलं की काय आठवतं? डीप डिश पिझ्झा, मिलेनियम पार्कातला तो चकाचक ‘बीन’, मायकेल जॉर्डन आणि अर्थातच आपले स्वामी विवेकानंद. माझ्या लिस्टमध्ये यंदा आणखी एक नाव अ‍ॅड झालंय. बंड्या. मुक्काम नेपरव्हिल, लांबी साडेतीन फूट, स्वभाव एकदम तापट. बंड्या साप आहे.

नेपरव्हिल म्हणजे शिकागोचं ठाणं म्हणा ना! युनियन स्टेशनवरून मेट्राची डबलडेकर लोकल पकडायची, तासाभरात तुम्ही तिथे. नदीकाठी देखणा रिव्हरवॉक, देशी दुकानांत गोडा मसाल्यापासून भाकरवडीपर्यंत सगळं हजर. इथे माझी कॉलेजातली मैत्रीण राहते. ती मूळची शिराळ्याकडची. हो, तेच सांगली जिल्ह्यातलं बत्तीस शिराळा, जिथे नागपंचमीला जिवंत नागांच्या मिरवणुका निघायच्या आणि मुंबई हायकोर्टाच्या आदेशांनंतर त्या थांबल्या. हिच्या घरी नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. अशा घरातल्या मुलीच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी काचेच्या पेटीत साप! ऑफिसमधला एकजण सिअ‍ॅटलला शिफ्ट झाला आणि जाताना पेटीसकट साप हिच्या गळ्यात मारून गेला.

जानेवारीच्या शेवटी मी पोचले तेव्हा बाहेर उणे पंधरा. जॅकेट काढून काचेजवळ गेले मात्र, आतून थाड्! बंड्याने काचेवर नाक आपटलं होतं. मग मानेचा इंग्रजी ‘एस’ करून फुसफुस सुरू. मैत्रिणीच्या मनगटावर बारीक लाल टिंबांची कमान होती. सात आठवडे त्याने काही खाल्लं नव्हतं. आणि एप्रिलमध्ये आई येणार होती, सहा महिन्यांसाठी. तोवर बंड्या सुधारला तर ठीक, नाहीतर त्याला दत्तक द्यायचं, असं ठरलं होतं. शिकागो हर्पेटोलॉजिकल सोसायटी ही १९६६ पासूनची संस्था नको झालेल्या सापांना नवी घरं शोधून देते. तिची माहिती प्रिंट काढून फ्रीजवर लावलेली. फोनवर आईचा सल्ला वेगळाच होता, “अगं, दूध देऊन बघ की त्याला!” (साप दूध पीत नाहीत. आईला हे कोण सांगणार?)

बंड्या बॉल पायथन जातीचा. अजगराच्या कुळातला, बिनविषारी. मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाबरला की अंगाचा चेंडू करून डोकं मधोमध लपवतो, म्हणून ‘बॉल’. म्हणजे मुळात हा लाजाळू प्राणी. मग हा एवढा का चवताळलाय? आपण लहानपणापासून ऐकतो की साप डूख धरतो. मैत्रिणीलाही वाटायचं की हा आपल्यावर खुन्नस धरून आहे. तिच्या ऑफिसमधला एक पोलिश गडी (शिकागोत पोलिश मंडळी भरपूर) पंधरा वर्षं साप पाळतोय. त्याने पेटीभोवती एक चक्कर मारली, सापाकडे पाहिलंही नाही. म्हणाला, “हा चिडलेला नाही. हा घाबरलाय. आणि त्याला लपायला जागाच नाही.”

खरंच नव्हती. निसर्गात हे साप उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात पडून असतात, अंगाला चारी बाजूंनी भिंत टेकलेली हवी त्यांना. इथे चारी बाजूंनी काच, आत एकच ऐसपैस प्लास्टिकची गुहा, वर भगभगीत दिवा आणि शेजारी टीव्हीचा सबवूफर. सापाला बाहेरचे कान नसतात, पण जमिनीतून येणारी थरथर त्याला बरोबर कळते. म्हणजे वीकेंडला अ‍ॅक्शनपट लागला की बंड्याच्या घरात भूकंप! त्यात शिकागोचा हिवाळा. हीटिंग अखंड चालू, त्यामुळे घरातली हवा पापडासारखी कोरडी. पेटीतल्या मीटरवर आर्द्रता २२ टक्के. बॉल पायथनला साधारण ५५ ते ७० टक्के लागते. म्हणून तर त्याची कात तुकड्या-तुकड्यांत निघत होती. कात सुटताना डोळे दुधाळ होतात, धड दिसत नाही, आणि अशा वेळी वरून हात आला तर साप दुसरं काय करणार? त्याच्यावर झडप घालणारे शत्रू वरूनच येतात.

पहिलं काम डॉक्टरकडे. विदेशी प्राण्यांच्या डॉक्टरने तोंड, श्वास, अंगावरचे किडे सगळं तपासलं. आजार नाही. मग शनिवार-रविवार नुसती घरशिफ्टिंग! पेटी हॉलमधून बेडरूमच्या शांत कोपऱ्यात. तीन बाजूंना काळा कागद. अंगाला घट्ट बसतील अशा दोन गुहा, एक गरम टोकाला, एक गार टोकाला. एकच असली की सापाला ऊब किंवा आडोसा यांतलं एक निवडावं लागतं. गरम बाजू ३१-३२ अंश सेल्सिअस, गार बाजू २५-२६, आणि हीटरला थर्मोस्टॅट मस्ट, नाहीतर साप भाजतो. खाली नारळाच्या सोडणाचा चुरा, तो ओलावा धरतो. कोकणात परसात ढीग पडलेला असतो तो माल इथे डॉलर मोजून पिशवीत घेतला.

आणि मग सगळ्यात अवघड भाग. दोन आठवडे हात लावायचा नाही. पाणी बदलायचं, घाण उचलायची, बास. मैत्रिणीची जाम चिडचिड झाली. आपल्या पिढीला काही बिघडलं की लगेच काहीतरी ‘करायचं’ असतं!

त्या सक्तीच्या सुट्टीत आम्ही शिकागो पालथं घातलं. फील्ड म्युझियममध्ये मला कार्ल श्मिट यांची गोष्ट कळली. या म्युझियममधले नावाजलेले सर्पतज्ज्ञ. १९५७ मध्ये लिंकन पार्क झूने ओळख पटवायला पाठवलेला एक लहानसा बूमस्लँग साप त्यांना चावला. त्यांनी शांतपणे स्वतःच्याच लक्षणांच्या नोंदी लिहिल्या आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. परतीच्या लोकलमध्ये मैत्रीण बराच वेळ मनगटाकडे बघत होती.

आता जेवण. आधीचा मालक जिवंत उंदीर पेटीत सोडायचा. त्यात धोका सापालाच. भूक नसली तर उंदीर त्याला कुरतडतो. आता फ्रोझन उंदीर. रात्रभर फ्रीजमध्ये सोडवायचा, मग गरम पाण्यात ठेवून चांगला कोमट करायचा, कारण या सापाच्या ओठांवरच्या खळग्यांना उष्णता ‘दिसते’. गार उंदीर म्हणजे त्याच्या लेखी दगड. आकार सापाच्या सर्वात जाड भागाएवढा. द्यायचा लांब चिमट्याने, रात्री, दिवे मालवून. “बाप्पाचं वाहन माझ्या फ्रीझरमध्ये!” असं म्हणत मैत्रिणीने मोदकांचा डबा दुसऱ्या फ्रीजमध्ये हलवला. पहिला उंदीर बंड्याने सकाळपर्यंत तसाच ठेवला. हिवाळ्यात हे साप महिनोन्‌महिने उपास करू शकतात, त्यामुळे घाबरायचं नाही. आठ दिवसांनी दुसरा दिला. गुहेतून डोकं आलं, जीभ लपलपली आणि झडप! दोन वेटोळी, मग सावकाश गिळणं. आम्ही अंधारात एकमेकींचे हात धरून उभ्या.

जेवणानंतर ४८ तास पुन्हा हात नाही. नंतर पोलिश गड्याची ट्रिक: आधी हात धुवायचे (उंदराचा वास आला की बोटं म्हणजे डिनर), हुकाने अंगाला हलकेच स्पर्श करायचा, म्हणजे ‘आता जेवण नाही’ हे त्याला कळतं. मग बाजूने हात, खालून आधार. पाच मिनिटं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बंड्या पहिल्यांदा तिच्या बाहीत शिरून निवांत बसला.

टिनली पार्कला मार्च आणि ऑक्टोबरमध्ये सापा-सरड्यांचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथेही गेलो. टेबलांवर शेकडो डबे, डब्यांत केशरी, पिवळे, पांढरे बॉल पायथन. मला ते बघून कसंसंच झालं. किती जणांना माहीत असेल की हा पाहुणा वीस-तीस वर्षं राहणार? सेंट लुईसच्या झूमधल्या एका मादीने तर २०२० मध्ये साठी उलटल्यावर सात अंडी दिली. मैत्रिणीने तिथून फक्त मोठं पाण्याचं भांडं घेतलं.

लळा वगैरे साप लावत नाहीत, हे मी तिला स्पष्टच सांगितलं. त्याला तिची सवय झालीय, एवढंच. ती म्हणाली, “मला तेवढं पुरे.” फ्रीजवरचा तो कागद निघालाय. त्याच्या जागी दर आठवड्याचं वजन लिहिलेला तक्ता आहे. आईला अजून नीट सांगायचंय.

जाणार असाल तर: लिंकन पार्क झूला तिकीट नाही, फील्ड म्युझियमला निम्मा दिवस ठेवा. जाम थंडी असते, थर्मल्स विसरू नका. आणि बंड्याचा भाऊ बॅगेत घालून आणायचा विचारही नको. २०२५ मध्ये मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या एकाच्या सामानात चाळीसहून जास्त विषारी साप सापडले होते. आपल्याकडचे साप पाळणं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे, आणि बॉल पायथनसारख्या परदेशी पाहुण्यांचीही २०२४ च्या नियमांप्रमाणे रीतसर नोंदणी लागते.